लाभुबेनचे कुरव

गिरधरभाईंचं मनगट वळलं की लाभुबेन कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या. पक्षी चौकटीत आल्यावर नाही, मनगट वळल्यावर. पक्षी आल्यावर दाबलं तर फोटोत नुसतं आभाळ येतं, फार तर शेपटीचं टोक, हे त्या पहिल्या हिवाळ्यातच शिकल्या होत्या. तो अख्खा हिवाळा त्यांनी आभाळाचे फोटो काढण्यात घालवला होता. जामनगरच्या आभाळाचे इतके फोटो दुसऱ्या कुणाकडे असतील असं वाटत नाही.

कॅमेरा मुलाचा. विपुलनं मस्कतहून पहिल्या सुट्टीला येताना आणलेला, साबणाच्या वडीएवढा, चंदेरी. पुढं विपुलचा फोनच जास्त चांगले फोटो काढायला लागला आणि कॅमेरा कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी जाऊन पडला. त्याच सुमाराला लाभुबेनचे डोळे गेले. गेले म्हणजे जवळचं दिसेना. चाळीस वर्षं त्यांनी बांधणी बांधली होती. डाव्या करंगळीच्या वाढवलेल्या नखानं कापडाचा मोहरीएवढा चिमटा उचलायचा आणि त्यावर दोऱ्याचे वेढे द्यायचे, दिवसाला शेकड्यांनी. आता तो चिमटाच दिसेना, तेव्हा शेठकडचं काम सुटलं. लांबचं मात्र लख्ख दिसत होतं. तळ्याच्या मध्यावर बसलेल्या बगळ्याची मान कुठं वळली आहे ते त्या काठावरून सांगत. ज्या बाईला लांबचंच दिसतं, तिनं पक्षी नाही बघायचे तर काय सुईत दोरा ओवायचा?

गिरधरभाई पितळी भागांच्या कारखान्यात लेथवर होते. आता निवृत्त, पण त्यांचा एक नेम कारखान्यात असल्यापासूनचा होता. समुद्रावरचे पांढरे कुरव थंडीत तळ्यावर उतरले की रोज सकाळी त्यांना बेसनाचे तळलेले गाठिया घालायचे. बावीस वर्षं. तसं सगळं गावच घालतं. पण लोक मूठ भरून उधळतात, भुकेल्या जिवाच्या तोंडात पडो की पाण्यात. गिरधरभाईंना ते बघवत नसे. ते एकेक गाठिया चिमटीत धरायचे, हात खांद्यापाशी न्यायचे, मनगटाला एक हिसका द्यायचे आणि गाठिया हवेत अशा उंचीला जायचा की येणाऱ्या कुरवाला चोच उघडण्यापलीकडं काही करावं लागू नये. गाठियासुद्धा मिरी न घातलेला. दुकानदार त्यांच्यासाठी सकाळचा पहिला घाणा बिनमिरीचा काढायचा आणि म्हणायचा, "गिरधरभाई, तुमच्या पाहुण्यांना तोंडी लावायला पपईचा संभारो पण देऊ का सोबत?"

तर या हाताच्या भरवशावर लाभुबेनचं सगळं तंत्र उभं होतं. हा कॅमेरा मुळात आळशी. बटण दाबलं की आधी विचार करतो, मग डोळा बारीक करतो आणि मग कुठं फोटो काढतो. तोवर कुरव पार खंभाळियाच्या वाटेला लागलेला. लाभुबेननी त्यावर उपाय काढला. कॅमेरा नवऱ्याच्या हातावर रोखायचा, बटण अर्धंच दाबायचं आणि तसंच धरून ठेवायचं. मग कॅमेऱ्याचा विचार आधीच करून झालेला असतो. अर्धं दाबून धरणं सोपं नाही. विपुलनं करून बघितलं तर प्रत्येक वेळी पूर्ण दाबलं गेलं. लाभुबेनच्या बोटाला मात्र हे नवीन नव्हतं. दोरा किती ओढला की गाठ बसते आणि कितीला कापड फाटतं हे ज्या बोटानं चाळीस वर्षं सांभाळलं, त्याला बटण ते काय. उन्हात पडदा दिसत नसे म्हणून त्या साडीचा पदर डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून घ्यायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई तळ्याकाठी नवऱ्यापुढं घुंघट काढून उभी आहे.

अशी आठ वर्षं झाली. सकाळी सात ते आठ तळं, मग जुसबभाईच्या टपरीवर बशीतला चहा, मग घर. घरी कधी कधी दोघांत दिवसभरात दहा वाक्यं होत नसत, पण तो एक तास त्यांचा फार छान जायचा. लाभुबेननी हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

त्या जानेवारीत, उत्तरायणाची पतंगबाजी सरल्यावर, केयूर वसावडा त्यांच्यामागं येऊन उभा राहिला. केयूर बँकेत होता आणि गावातल्या पक्षीमित्र मंडळाचा चिटणीस. त्याच्या गळ्यात दुधीभोपळ्याएवढी लेन्स. तो लाभुबेनना रोज बघायचा आणि रोज हसून पुढं जायचा. त्या दिवशी त्यानं सहज म्हटलं, "मासी, बघू तरी काय काढता."

लाभुबेननी कॅमेरा दिला. केयूर एक फोटो बघायचा, मग पुढचा, मग परत मागचा. कुरवाचे पंख पूर्ण पसरलेले, लाल पाय पोटाशी घेतलेले, डोळ्यात उन्हाचा ठिपका.

"हे या डबीतून काढलं?"

"डबी कशाला म्हणतोस? चांगला आहे तो."

"मासी, माझ्याकडं एवढं मोठं धूड आहे आणि माझ्याकडं असा एक नाही. आमच्या प्रदर्शनात द्या ना एक. पुढच्या महिन्यात टाऊन हॉलमध्ये आहे, स्पर्धाही आहे. फोटो मोठा करून लावतो, खाली कार्ड असतं, काढणाऱ्याचं नाव छापलेलं."

"छापलेलं?"

"हो."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण नाव, मासी. नवऱ्याचं, आडनाव, सगळं."

केयूरला हा प्रश्न गमतीचा वाटला, पण गिरधरभाई हातातला गाठिया तसाच धरून बायकोकडं बघत राहिले. त्यांना माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी लाभुबेननी एक घरचोळा बांधला होता, नवरीचा लाल शालू. सात महिने लागले होते; चौकटीचौकटीत हत्ती, मोर, पुतळ्या, आणि ठिपका एकही वाकडा नाही. शेठनी तो अहमदाबादच्या प्रदर्शनात नेला, त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि पेपरात शेठचा फोटो आला, घरचोळा हातात धरून. खाली शेठचं नाव. लाभुबेनकडं शेठनी पेढ्यांचा पुडा पाठवला. त्यांनी तो पुडा फळीवर ठेवला आणि स्वतः हात लावला नाही. त्या दिवशी नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं असतं तरी चाललं असतं." त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी केयूर नियमांचा कागद घेऊन आला आणि ओशाळल्यासारखा उभा राहिला. "मासी, एक घोटाळा आहे. चौथा नियम. चारा टाकून जवळ बोलावलेल्या पक्ष्याचा फोटो चालत नाही."

"चारा?" गिरधरभाईंचा आवाज चढला. "आम्ही काय गळ टाकून बसलोय? ही जीवदया आहे, भाई."

"काका, मंडळ त्याला चाराच म्हणतं. शिवाय तळलेलं पक्ष्यांना बरं नाही."

"मी जन्मल्यापासून तळलेलं खातोय. मला काय झालं?"

"मागच्या महिन्यातला रक्ताचा रिपोर्ट काढू का?" लाभुबेन म्हणाल्या.

लाभुबेनच्या आठ वर्षांच्या एकूण एक फोटोत कुठं ना कुठं गाठिया होता. चोचीत, नाहीतर चोचीसमोर हवेत. त्यांनी केयूरला विचारलं, "गाठियाशिवाय काढला तर?"

"तर प्रश्नच नाही. पुढच्या रविवारपर्यंत द्या."

हातात सहा दिवस होते. लाभुबेन तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात एकट्या जाऊ लागल्या, जिथं कुणी दाणापाणी करत नाही. आता जिथं जेवण नाही तिथं पाहुणा कशाला येईल? कुरव लांबून जायचे. कॅमेरा पुन्हा विचार करायला लागला, कारण अर्धं बटण दाबून धरायला समोर हातच नव्हता. तीन दिवसांत तीनशेच्या वर फोटो झाले आणि त्यात पक्ष्यासारखं जे काही होतं ते दोन ठिकाणी. एकात तर ते विमान निघालं. इकडं गिरधरभाई जुन्या जागी एकटेच गाठिया टाकत होते. त्यांचा नेम चुकायला लागला होता. दोन गाठिया पाण्यात पडले, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

"बेन," जुसबभाई चहा गाळता गाळता म्हणाला, "आज काही मिळालं, की नुसतीच हवा खाऊन आलात?"

"हवाच. पण ताजी होती."

हसून बोलल्या खऱ्या, पण चहा बशीत निवला तरी त्यांनी उचलला नाही. छापील नाव डोळ्यांपुढं आलं होतं आणि ते आता जात नव्हतं.

गुरुवारी दुपारी बाजरीचा रोटला थापता थापता त्यांनी विषय काढला. "अहो, एक सांगू? उद्या तुम्ही नुसतं मनगट वळवा. हातात काही घेऊ नका."

"म्हणजे?"

"कुरव येतील. त्यांना हात ओळखीचा आहे. मी फोटो काढते. गाठिया नाही, चारा नाही, नियम मोडला नाही."

गिरधरभाईंनी ताकाची वाटी खाली ठेवली. "मी पक्ष्याला फसवू?"

"एकदाच हो."

"एकदा काय अन् शंभरदा काय. बावीस वर्षांत हा हात वळला आणि त्यांच्या तोंडात घास पडला नाही, असं झालं नाही. कुठून कुठून हजारो कोस उडत येतात बिचारे. उद्या त्यांनी कुणाचा भरवसा धरायचा?"

"पक्ष्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

रोटला त्या दिवशी तुपाशिवाय ताटात पडला आणि गिरधरभाईंनी तो तसाच कोरडा खाल्ला. तूप मागायची ती वेळ नव्हती एवढी अक्कल पस्तीस वर्षांच्या संसारात येते.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी लाभुबेन कॅमेरा न घेताच निघाल्या. दाराशी गिरधरभाई तो हातात धरून उभे. "हा राहिला तुझा," म्हणाले आणि चपला घालून पुढं झाले.

तळ्यावर पोचल्यावर त्यांनी गाठियाचा पुडा जुसबभाईच्या फळीवर ठेवला. "सांभाळ जरा." मग आपल्या नेहमीच्या जागी, कठड्याशी जाऊन उभे राहिले. हात रिकामा आहे हे लाभुबेनच्या लक्षात आलं तशा त्या घाईनं त्यांच्यामागं गेल्या.

"अहो, राहू दे. मी रागात बोलले होते."

"पदर घे कॅमेऱ्यावर. ऊन आलंय."

"पण तुम्हीच म्हणालात ना—"

"लाभु, त्या शेठच्या पुड्यातले पेढे मी खाल्ले होते," गिरधरभाई पाण्याकडं बघत म्हणाले. "चार. तू कामाला गेली होतीस. मला तेव्हा काही वाटलं नाही, गोड होते. आता रोज आठवतात. काढ कॅमेरा."

लाभुबेननी पदर ओढला. कॅमेरा हातावर रोखला, बटण अर्धं दाबलं. तळ्यावरचे कुरव आधीच हलले होते; गिरधरभाई दिसले की ते उठायचेच. हात खांद्यापाशी गेला. चिमटी बंद होती, आत काही नव्हतं. लाभुबेनना एरवी फक्त मनगट दिसायचं, आज नवऱ्याचा चेहराही दिसला. तोंड आवळलेलं, कारखान्यात साहेबापुढं उभे राहायचे तसं. मनगट वळलं. त्यांनी बटण दाबलं.

कुरवांचा थवा वर आला, घिरटी मारून गेला, परत आला. काही मिळालं नाही म्हणून एकानं कर्कश आवाज केला. गिरधरभाई वळले आणि वयाला शोभणार नाही अशा वेगानं टपरीकडं गेले. पुडा फाडला आणि एकेक करायचं सोडून, आयुष्यात कधी केलं नव्हतं तसं, मूठमूठ उधळायला लागले. "घ्या बाबांनो, घ्या. चुकलं माझं. घ्या." पुडा संपला तसा दुकानातून दुसरा आणवला.

"गिरधरभाई, आज कुरवांची माफी मागताय का?" जुसबभाईनं विचारलं.

"मागतोय. तू चहा टाक."

चहा येईतो लाभुबेननी फोटो बघितला. त्यांच्या आठ वर्षांत असा आला नव्हता. कुरव समोरून, अगदी नजरेला नजर देत आलेला, पंखांची टोकं वर वळलेली, चोच किंचित उघडी आणि चोचीपुढं नुसतं निळं आभाळ. त्यांना एकदम आनंद झाला आणि त्याच दमात लाजही वाटली. दोन्ही खरं होतं.

दुपारी दोघं केयूरकडं गेले. केयूरनं फोटो संगणकावर मोठा केला आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत दोनदा बघितला. मग फॉर्म पुढं केला. "बस्स. नाव लिहा, मासी. आणि इथं शेवटी 'नाही' लिहा."

शेवटी एक ओळ होती. पक्ष्याला जवळ आणण्यासाठी काही वापरलं का? वापरलं असल्यास काय? लाभुबेन वाचायला हळू होत्या, त्यात जवळचं दिसत नसे. त्यांनी कागद लांब धरून ती ओळ दोनदा वाचली.

"यात चाऱ्याचं नाही विचारलेलं," त्या म्हणाल्या. "'काही' विचारलंय."

"तेच ते, मासी. गाठिया नव्हता ना? मग 'नाही'."

गिरधरभाई खिडकीबाहेर बघत होते. लाभुबेननी आधी वर आपलं नाव लिहिलं, लाभुबेन गिरधरभाई नकुम, एकेक अक्षर सुटं, कुठंही न चुकता. मग पेन शेवटच्या ओळीवर आणलं. 'नाही' लिहिलं की काम झालं होतं. त्यांना ते नाव टाऊन हॉलमध्ये बघायचं होतं, अगदी पोटातून हवं होतं. पण ज्या माणसानं बावीस वर्षांत पक्ष्याशी लबाडी केली नाही, त्यानं आज ती त्यांच्यासाठी केली होती. ते केलंच नाही म्हणून लिहायचं त्यांच्या हातून होईना. त्यांनी लिहिलं: हो. विपुलच्या वडिलांचा रिकामा हात.

केयूरनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मासी, हे वाचून बाद करतील फोटो."

"करू देत," लाभुबेन म्हणाल्या. घरी येताना गिरधरभाईंनी दोनदा विचारलं काय लिहिलंस, तर म्हणाल्या, "विचारलं ते लिहिलं."

चार दिवसांनी केयूरचा फोन आला. मंडळात या एका ओळीवरून दोन तास वाद झाला होता. एक म्हणे रिकामा हात म्हणजे चारा नाही, दुसरा म्हणे पक्ष्याला फसवणं चाऱ्यापेक्षा वाईट, तिसऱ्यानं विचारलं विपुल कोण. अखेर फोटो स्पर्धेतून बाद केला आणि प्रदर्शनात मात्र लावायचा ठरला. "बक्षीस नाही मिळणार, मासी."

"नाव?"

"नाव आहे. छापून झालं."

फोटो टाऊन हॉलमध्ये आत शिरल्यावर डाव्या भिंतीला, पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारी होता. जागा काही मानाची नव्हती, पण पाणी प्यायला सगळेच येतात. लोक पेला भरून घ्यायचे, फोटो बघायचे, मग खालचं कार्ड वाचायचे. कार्डावर नाव मोठ्या अक्षरात होतं आणि त्याखाली, फॉर्मवरून जशीच्या तशी उतरवलेली, ती ओळ. ओळ वाचली की लोक हसायचे आणि मागं वळून शोधायचे, हे विपुलचे वडील कोण. केयूर बोट दाखवायचा. गिरधरभाईंनी उजवा हात कोटाच्या खिशात घालून टाकला होता.

"काका, हात दाखवा ना," एक जण म्हणाला.

"हात आहे, त्यात बघायचं काय?"

लाभुबेन आपल्या नावासमोर उभ्या होत्या. जवळून अक्षरं धूसर दिसत होती म्हणून त्या तीन पावलं मागं गेल्या, तेव्हा लख्ख दिसली. चूक कुठंच नव्हती. गर्दीतून वाट काढत गिरधरभाई त्यांच्याशेजारी आले. त्यांनी ती ओळ आता पहिल्यांदाच नीट वाचली होती.

"फोटोत माझा हात कुठं दिसतोय, लाभु? लिहिलं नसतंस तरी कुणाला कळलं नसतं. बक्षीससुद्धा मिळालं असतं."

"घरचोळ्यात माझी बोटं कुठं दिसत होती?" लाभुबेन म्हणाल्या. "तिथंही कुणाला कळलं नाहीच."

गिरधरभाईंनी हात खिशातून बाहेर काढला, आणि सगळं गाव पाणी पीत उभं असताना, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत तो बायकोच्या खांद्यावर ठेवला.